दोन पदव्या घ्या, पण आठवड्याचे तास मोजून

संपादक महोदय,

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली. तेव्हापासून विद्युत अभियांत्रिकीची मुलं आयआयटी मद्रासच्या डेटा सायन्सच्या ऑनलाइन बी.एस.लाही प्रवेश घेतात. जोडी चांगलीच आहे, पण तासांचा हिशेब आधी मांडावा. तिथल्या पायाभूत टप्प्यात 8 विषय आणि 32 क्रेडिट्स आहेत. एका विषयाला आठवड्याला साधारण 10 तास लागतात. कॉलेजात मशीन्सची प्रॅक्टिकल्स सुरू झाली की एका सत्रात दोनच विषय घ्यावेत. शिकवणी घरबसल्या असली तरी परीक्षा केंद्रावर जाऊनच द्याव्या लागतात, म्हणून तारखा कॉलेजच्या वेळापत्रकाशी ताडून मगच नोंदणी करावी.

खरा लाभ दोन्ही विषय एकत्र वापरल्यावर होतो. 50 हर्ट्झ वीजपुरवठ्यातला पन्नासावा हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या पन्नास पट वारंवारतेची लहर) 2500 हर्ट्झचा असतो, म्हणजे तो नीट मोजायला सेकंदाला त्याच्या दुपटीपेक्षा, 5000 पेक्षा जास्त नमुने (क्षणोक्षणीची मोजमापं) हवेत. 3200 च घेतले तर तोच 700 हर्ट्झवर, चौदावा हार्मोनिक बनून दिसतो! मग पायथॉनमध्ये कितीही फिल्टर लावा, ही चूक निघत नाही. फिल्टर एडीसीच्या (सिग्नलचं आकड्यांत रूपांतर करणाऱ्या भागाच्या) आधी, सर्किटमध्येच हवा. निव्वळ कोडिंग शिकलेला विद्यार्थी इथेच हमखास फसतो.

कॉलेजांनी शेवटच्या वर्षाचा प्रकल्प अशा मोजणीवर द्यावा आणि मार्गदर्शक दोन्ही विभागांचे नेमावेत, ही आमची कळकळीची विनंती.

– विद्युत अभियांत्रिकीचे दोन शिक्षक