गण्याला पत्र, नांगर आणि विळ्याबद्दल

प्रिय गण्या,

मागच्या आठवड्यात फोनवर तू म्हणालास ना, तुमच्या बायबलात एवढी द्राक्षं नि गहू कशाला रे, तेव्हा मी नुसता हसलो, कारण उत्तर नव्हतं. मग रात्री बायबलातलं आमोस नावाच्या संदेष्ट्याचं पुस्तक काढून बसलो.

शेवटच्या अध्यायात एक ओळ आहे, की असे दिवस येतील जेव्हा नांगरणारा कापणाऱ्याला गाठील आणि द्राक्षं तुडवणारा पेरणाऱ्याला. आता तुझ्या निफाडच्या डोक्याने वाचलं तर काहीच कळत नाही, कारण तुझी द्राक्षं फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात, गहूही तेव्हाच. तिकडे इस्राएलात मात्र पेरणी पहिल्या पावसावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरला. सातू एप्रिलमध्ये कापायचा, गहू मे-जूनला, द्राक्षं ऑगस्ट-सप्टेंबरला. गेझेर नावाच्या गावी 1908 साली एक छोटी चुनखडीची पाटी सापडली, जवळजवळ तीन हजार वर्षं जुनी, त्यावर वर्षभराची शेतीची कामं महिन्यांप्रमाणे कोरलीयत, दोन महिने पेरणीचे, एक सातू कापायचा वगैरे, आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरसारखंच!

म्हणजे आमोस म्हणतो काय, तर एप्रिलला लावलेला विळा नोव्हेंबरला नांगर बांधावर येऊन उभा राहिला तरी थांबलेला नाही, एवढं पीक. कणगी रिकामी नि नवं पीक अजून शेतात, ते मधले महिनेच गायब. तुझ्या आजीला हे एका मिनिटात कळलं असतं, आपल्याला पाटी लागली.

आणि हा आमोस कोण, तर तकोवा गावचा मेंढपाळ, उंबरांची निगा राखणारा. योएल नावाचा दुसरा संदेष्टाही असंच बोलतो, आधी टोळधाडीने सगळं फस्त झालेलं दाखवतो आणि मग खळी गव्हाने भरतील म्हणतो, वर टोळांनी खाल्लेली वर्षंसुद्धा भरून देईन असं देवाच्या तोंडून वदवतो. पीक नाही रे, वर्षं! दोन वर्षांमागे गारपिटीत तुझी बाग आडवी झाली तेव्हा मला हेच आठवलं होतं, पण त्या वेळी बोललो असतो तर तू चप्पल काढली असतीस.

एक गोष्ट मात्र मला खटकते. आमच्याकडे कधीकधी पाहुणे प्रचारक येतात आणि आमोसची ही नांगरणाऱ्याची ओळ वाचून थेट बँक बॅलन्सवर जातात. अरे पण जरा एक पान मागे जा की, तिथे आमोस धान्याच्या व्यापाऱ्यांना झोडपतोय, माप लहान करता, वजन मोठं करता, तराजूत खोट करता आणि गव्हाचं भूसही विकता म्हणून. हे वाचताना मला तो आपला व्यापारी आठवला, जो क्रेटमागे दीड किलो कापायचा आणि वर चहा पाजायचा. आशीर्वाद या झोडपण्यानंतर येतो, ते पान गाळून कसं चालेल?

बरं, आमच्या चर्चचा हार्वेस्ट जवळ आलाय. लोक घरचं जे पिकेल ते आणतात नि मग लिलाव होतो, मागच्या वेळी माझा एक वाकडा दुधी चारशेला गेला, दोन काकांची ईर्ष्या लागली होती. तू एक पेटी घेऊन येच, वजन कोणी करत नाही तिथे.

वहिनींना नमस्कार सांग, आणि छाटणीला मजूर मिळाले का ते कळव.

तुझा,
दाद्या