आई, गोळी आणि सावतोबा

आई-बाबा,

फोनवर आपलं भांडण होतं म्हणून सरळ टाईप करतेय. बाबा, चष्मा लावा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा.

आषाढीला आईला चक्कर आली हे मला शेजारच्या काकूंकडून कळतं, तुमच्याकडून नाही. शुगरची गोळी घेतली आणि पोटात दिवसभर काहीच नाही, मग शुगर धाडकन खाली येणारच ना! वर म्हणे, "गुडघ्यांपायी वारी चुकली, निदान उपास तरी."

आई, आपल्या सोलापूर जिल्ह्यातलेच सावतोबा, म्हणजे संत सावता माळी, घे ना. त्यांच्या अरण गावाहून पंढरपूर असं कितीसं लांब, तरी ते कधी गेले नाहीत असंच सांगतात, मळा टाकून जायचं कशाला, मोट नाडा विहीर दोरी यातच त्यांची पंढरी. १२९५ साली ते वारले. बाकी संतांच्या पालख्या पंढरपुरात येतात आणि यांच्याकडे मात्र आषाढात पांडुरंगाचीच पालखी अरणला जाते, म्हणजे वारी देवालाच! आणि तू रोज "कांदा मुळा भाजी, अवघी विठाबाई माझी" म्हणतेस, पुढे लसूणही आहे त्यात, पण चातुर्मास लागला की हीच विठाबाई टोपलीसकट कामवाल्या मावशींच्या पिशवीत.

वारीला नावं ठेवत नाहीये हं, बाबा चिडतील. पण चोखोबांना देवळात घेतलं नाही ते सोवळं सांभाळणाऱ्यांनीच ना, त्यांची समाधी अजून महाद्वाराबाहेर पायरीपाशी आहे. "ऊस डोंगा परी रस नव्हे डोंगा" बाबा किती छान म्हणतात, ते कुणाला उद्देशून आहे हे विसरूनच. ते दार सगळ्यांना उघडावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात दहा दिवस उपाशी बसले. उपास करायचाच तर असला काहीतरी.

मागच्या वेळी आले होते तेव्हा तू बाल्कनीत कढीपत्त्याला पाणी घालत होतीस, तोंडाने अभंग, एक पिवळं पान खुडलंस, बाकीच्यांवरची धूळ पदराने पुसलीस, मी दारात उभी आहे हेही कळलं नाही तुला. मला तर तीच तुझी वारी वाटते, गुडघे दुखले तरी चालणारी.

असो. बाबा, कामिका एकादशीला आईने सकाळी खाल्लं का ते मला फोटो काढून पाठवा, खरंच. शनिवारी येतेय, कांद्याची पात आणते, बाबांना झुणका करू. आई, तुझा बिनकांद्याचा वेगळा करेन, पण आठच्या आत खायचास.

तुमची,
ताई