आमच्या वर्गाच्या बाईंना, हिवाळ्यातल्या सगळ्या निरोपांसाठी

प्रिय बाई,

सप्रेम नमस्कार. हे पत्र मी इथे सगळ्यांसमोर लिहितेय कारण वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुम्ही आभार मानायलाच बंदी घातलीये. गुड मॉर्निंग, फुलं, जोडलेले हात, वाढदिवसाचे केक काहीच टाकायचं नाही, नाहीतर कामाचा निरोप वर जातो आणि कुणाच्या तरी पोराचं राहून जातं, असं तुम्ही जूनमध्येच सांगून ठेवलं होतं आणि सगळ्यांनी ते पाळलं. पण सगळा हिवाळा तुमचे निरोप वाचून मनात जे साठलंय ते कुठेतरी सांगायचंच होतं. तुमचं आणि शाळेचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. आपल्या गावातल्या कुणी वाचलं तर ओळखेलच.

बाहेरच्या वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. आम्ही निफाड तालुक्यातले, नाशिक जिल्हा. थंडीच्या बातम्या लागल्या की टीव्हीवर आमच्याच तालुक्याचं नाव येतं, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा किती खाली गेला ते सांगतात, 5-6 अंश म्हणजे आमच्याकडे काही विशेष नाही. आणि नेमका हाच काळ द्राक्षाचा. ऑक्टोबरात छाटणी झाली की डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, विरळणी, फवारण्या, मग माल तयार व्हायला लागतो तेव्हाच कडाक्याची थंडी, मण्यांना तडे जातात म्हणून माणसं पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात, ठिबक चालू करतात. वर्षभराचं कर्ज त्या घडांवर असतं. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत घरातली सगळी मोठी माणसं उजाडायच्या आत बागेत आणि पोरं आजी नाहीतर मोठ्या बहिणीच्या हवाली. जिल्हा परिषदेच्या शाळेत आमच्यासारख्यांचीच मुलं, शिवाय सुरगाणा, पेठकडून बागांच्या कामाला आलेल्या मजुरांची. म्हणजे शाळेकडून काही कळवायचं तर ऐकायला घरात माणूसच नाही अशी परिस्थिती.

बाई, हे तुम्ही कुणी न सांगता ओळखलंत. तुमचा निरोप कधीच सकाळी येत नाही, रात्री आठ-साडेआठला येतो, चुलीपासून उठून बाया जरा टेकतात तेव्हा. एका निरोपात एकच गोष्ट. तारीख, वार, काय आणायचं, आणि शेवटी काय आणायचं नाही. ते शेवटचं वाक्य मला फार आवडतं. "पैसे आणायचे नाहीत" हे तुम्ही दर वेळी लिहिता आणि ज्या घरात त्या दिवशी पन्नास रुपयेसुद्धा नसतील त्या घरातल्या बाईला ते वाचून काय वाटत असेल ते मला माहितीये. मग त्याच निरोपाचं व्हॉइस नोट, तुमच्या आवाजात, सावकाश. आमच्या सासूबाईंना वाचता येत नाही पण त्या फोन कानाला लावून ते दोन-दोनदा ऐकतात आणि सकाळी नातीला बरोब्बर सांगतात, आज कानटोपी विसरायची नाही बाईंनी सांगितलंय. ज्यांच्याकडे मोठा फोन नाही त्यांच्यासाठी फाटकाजवळच्या फळ्यावर तेच लिहिलेलं, आणि सुट्टीच्या आधी मुलांकडून एकदा मोठ्याने म्हणून घेतलेलं.

मजुरांच्या बायांना आपली मराठी नीट कळत नाही, त्या कोकणी बोलतात, त्यांची डोंगरातली कोकणी. तर तुम्ही त्यांच्यातल्याच एका ताईंना शाळेत बोलावून त्यांच्या बोलीत व्हॉइस नोट करून घेतलं. शेगडीचं होतं ते. पत्र्याच्या खोलीत दार लावून कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपायचं नाही, त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, तो दिसत नाही, त्याला वास नाही, माणूस झोपेतच बेशुद्ध होतो आणि आधी लहान लेकरांना त्रास होतो, ऊब घेऊन झाली की शेगडी बाहेर नेऊन विझवा मग दार लावा. इतकं साधं, इतकं स्पष्ट. आमच्या बागेवरच्या जोडप्याने ते ऐकलं आणि त्या रात्रीपासून शेगडी दाराबाहेरच्या ओट्यावर आली. त्यांची दोन मुलं आपल्याच शाळेत आहेत. कामासाठी गाव सोडलेल्या मुलांना दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून गावाकडची शाळा शिक्षण हमी कार्ड देते, त्यांच्याकडे तेसुद्धा नव्हतं, तुम्ही तिकडच्या गुरुजींना फोन करून सगळं जुळवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी ती मुलं वर्गात बसली होती. हंगाम संपला की ती परत जाणार हे माहीत असून तुम्ही त्यांना पहिल्या रांगेत बसवलंत.

आता स्वेटरचं. सरकारकडून मुलांना गणवेश मिळतो, बूट-मोजे मिळतात, पण स्वेटर काही मिळत नाही. नोव्हेंबरच्या शेवटी तुमचा निरोप आला की वर्गाच्या कोपऱ्यात एक पेटी ठेवलीये, लहान झालेले स्वेटर, जर्किन, कानटोप्या धुऊन, बटणं-चेन नीट करून त्यात टाका, ज्याला हवं त्याने घ्या, कुणी टाकलं कुणी घेतलं हे कुठेही लिहिलं जाणार नाही आणि फोटो काढायचा नाही. फोटो काढायचा नाही हे तुम्ही वेगळ्या ओळीत लिहिलं होतं. बाई, आजकाल एक वही वाटली तरी चार जण ती धरून उभे राहतात आणि मधलं पोरगं खाली बघत असतं, ते बघून मला दर वेळी वाईट वाटतं. तुमच्या पेटीतला स्वेटर घालून फिरणारी मुलं ताठ मानेनं फिरतात कारण कुणालाच माहीत नाही कुठला स्वेटर कुठून आला. माझ्या लेकीनेसुद्धा त्यातलाच एक निळा घेतलाय, तिचा स्वतःचा लाल तिने टाकला म्हणे, बदली. मला ते फारच आवडलं.

शनिवारच्या सकाळच्या शाळेचंही तुम्हीच लावून धरलंत. 2024 साली सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नका असं सांगितलं ते आम्हा पालकांना धड माहीतही नव्हतं. तुम्ही मुख्याध्यापक सरांशी बोललात, शाळा व्यवस्थापन समितीत विषय ठेवलात आणि थंडीपुरती शनिवारची वेळ दीड तास पुढे गेली. वस्तीवरून चालत येणारी पोरं धुक्यात रस्त्याने येतात, तेव्हाच उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून जातात, लासलगावला कांदा घेऊन जाणाऱ्या गाड्या वेगळ्या. त्या दीड तासाने किती फरक पडतो हे रस्त्यावर उभं राहून बघितल्याशिवाय कळत नाही.

उसाच्या ट्रॉल्यांचा विषय निघाला म्हणून, तो निरोप मी जपून ठेवलाय. चालत्या ट्रॉलीमागे धावून ऊस ओढायचा हा आपल्याकडच्या पोरांचा जुना उद्योग, आम्हीही लहानपणी बघितलाय, त्यात कुणाला काही वावगं वाटायचंच नाही. तुम्ही नुसतं "मुलांना समज द्या" असं लिहून सोडून दिलं नाहीत. कसा पाय घसरतो, मागची दुसरी ट्रॉली ड्रायव्हरला का दिसत नाही, ट्रॅक्टरवर गाणी लावलेली असतात म्हणून ओरडलेलं का ऐकू जात नाही, सगळं समजावून सांगितलंत. आणि मग एका शेतकरी पालकाला विनंती करून संक्रांतीच्या आठवड्यात शाळेतच उसाची मोळी आणवलीत, सगळ्या पोरांनी ग्राउंडवर बसून पोटभर ऊस खाल्ला. नुसतं नको म्हणण्यापेक्षा हे किती वेगळं आहे.

बारीकसारीक तर किती. थंडीत मुलं पाणी पीत नाहीत म्हणून तुम्ही पाण्याची घंटा सुरू केली, घंटा झाली की सगळ्यांनी बाटली काढायची. गाल-ओठ फुटलेल्यांना खोबरेल तेलाची बाटली वर्गातच. शेकोटीजवळ नायलॉनचा स्वेटर आणि लोंबता मफलर नको. नायलॉनच्या मांजाचं तर तुम्ही डिसेंबरपासूनच सुरू केलं होतं, इकडे येवल्याची पतंगबाजी जवळच, पोरांच्या अंगात येतं, आणि 2017 पासून बंदी असूनही तो मांजा गुपचूप मिळतोच. तुम्ही मुलांकडूनच घरी चिठ्ठी लिहून पाठवली, बाबा मला साधा दोरा आणा, पक्ष्यांचे पंख कापतात आणि मोटरसायकलवाल्यांचे गळे. आमच्या ह्यांनी ती चिठ्ठी अजून पाकिटात ठेवलीये.

पक्ष्यांवरून सहल आठवली. लांबच्या सहलीला बस, जेवण, वर्गणी, सगळ्यांना झेपत नाही. तुम्ही नांदूर मध्यमेश्वरला नेलंत, आपल्याच तालुक्यात, गोदावरी आणि कादवा मिळतात तिथलं धरण. 2020 मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा, म्हणजे जगात महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा, म्हणून ते जाहीर झालं आणि लोक पुण्या-मुंबईहून कॅमेरे घेऊन येतात, आपल्यातल्या कित्येक घरांनी ते बघितलेलंच नव्हतं. सहलीच्या निरोपात लिहिलं होतं की भडक लाल-पिवळे कपडे नको, मातकट हिरवे चालतील, पक्षी बुजतात, आणि आवाज न करण्याची प्रॅक्टिस दोन दिवस आधीपासून घरी करा. आमच्या घरी खरंच केली. चापडगावला पोरांनी दूरदेशाहून आलेली बदकं बघितली, आणि घरी आल्यावर माझी लेक आजीला सांगत होती की ते पक्षी आपल्यापेक्षा जास्त थंडीतून येतात म्हणून त्यांना इथे बरं वाटतं.

तिचं अजून एक सांगते, खरं तर माझ्यासाठी सगळ्यात मोठं तेच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची डॉक्टरांची टीम तपासणीला येणार होती. हा कार्यक्रम 2013 पासून चालू आहे, वर्षातून एकदा शाळेत येतात, पण आम्हाला वाटायचं की नुसतं वजन-उंची घेतात आणि जातात. तुम्ही त्या निरोपात लिहिलंत की त्या दिवशी आई-वडलांपैकी एकाने तासभर यावं, मूल टीव्ही जवळून बघतं का, चालताना दमतं का, कान फुटतो का, हे डॉक्टरांना फक्त घरचेच सांगू शकतात. आणि मला वेगळा फोन केलात, की ताई तुम्ही याच, ही फळ्यावरचं लिहून घेताना डोळे बारीक करते. बागेत माणसं लावलेली असताना मी आले. आज तिला चष्मा आहे, तिसरीतली पोर रात्री बसून मोठ्याने वाचते, आणि मला कळतं की आधी ती वाचायचा कंटाळा करत नव्हती, तिला दिसतच नव्हतं.

गॅदरिंगला भाड्याचे ड्रेस नकोत, घरातलं नऊवारी, धोतर, टॉवेल जे असेल त्यात बसवू असं तुम्ही ठरवलंत, 3 जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला मुलींऐवजी आयांना बोलायला उभं केलंत, बाल आनंद मेळाव्यात पोरांना घरचीच मेथी, बोरं, तिळाचे लाडू विकायला लावून सुट्ट्या पैशांचा हिशोब शिकवलात, हे सगळं लिहायला गेले तर पत्र संपायचं नाही. पोषण आहाराचा हिशोब, रोजची ऑनलाइन माहिती, वरून येणारी दुसरी कामं हे सगळं करून तुम्ही हे करता. शिक्षकांना शिकवायला वेळ मिळाला पाहिजे असं मला मनापासून वाटतं आणि पुढच्या पालक सभेत मी ते बोलणार आहे, तुमच्यासाठी नाही, आमच्या मुलांसाठी.

बाई, सगळ्या हिवाळाभर आमचं लक्ष बागेकडे होतं कारण ते असायलाच लागतं. त्या वेळात आमच्या मुलांच्या कानटोपीपासून डोळ्यांपर्यंत कुणाचं तरी लक्ष होतं म्हणून आम्ही बिनघोर काम करू शकलो. त्यासाठी मनापासून आभार, माझे, सासूबाईंचे, आणि आमच्या बागेवरच्या त्या दोघांचेही, त्यांनी मुद्दाम लिहायला सांगितलंय.

आता कामाचं. आमच्या बचत गटात बोलणं झालंय. पुढच्या वर्षी पेटी नोव्हेंबरच्या शेवटी नको, दिवाळीची सुट्टी संपली की लगेच ठेवू. मोजे आणि कानटोप्या जुन्या गोळा करायच्या नाहीत, त्या आम्ही नवीन आणणार, पिंपळगावच्या बाजारात होलसेलमध्ये बरे पडतात. पहिली-दुसरीच्या मापाचे स्वेटर कमी पडले असं तुम्ही म्हणाला होतात, ते दोन-तीन बाया विणून देतो म्हणाल्यात. तुम्ही फक्त मापं कळवा, रात्री आठला टाकलीत तरी चालेल.

तुमच्या तिसरीच्या वर्गातल्या एका मुलीची आई
निफाड तालुका