अंधारात ठेवलेल्या नमुन्याबद्दल आभार

प्रिय ताई,

व्हॉट्सअ‍ॅपवर आभार मानले असते, तर तू हात जोडलेला इमोजी टाकून विषय संपवला असतास. म्हणून हे चारचौघांत.

नेदरलँड्सला आलो तेव्हा चवळी मला उसळीपुरतीच माहीत होती. तिच्या पानांवर पिवळे ठिपके पाडणारा विषाणू म्हणजे 180 प्रथिनांच्या कवचाचा, जेमतेम 28 नॅनोमीटरचा गोळा, हे तू काचघरात पानांवर रोग चोळता चोळता सांगितलंस. हा गोळा क्वार्ट्झच्या चकतीवर चिकटवायचा आणि मनात येईल तेव्हा सोडवायचा, एवढंच आपलं काम.

कागदावर सोपं. कवचाला ॲझोबेन्झीन, म्हणजे प्रकाशाने आकार बदलणारा रेणू, जोडा, चकतीवर सायक्लोडेक्स्ट्रिन या साखरेच्या रेणूंच्या वाट्या बसवा. सरळ ॲझोबेन्झीन वाटीत शिरतं, 365 नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात वाकून निसटतं, निळ्या प्रकाशात पुन्हा सरळ होतं. मेख पुढेच आहे. एकटा बंध कमजोर, म्हणून अनेक लागतात. पण अतिनील प्रकाशात सगळेच रेणू वाकत नाहीत. बंध फार झाले तर उरलेले सरळ रेणू कणाला सोडत नाहीत, कमी पडले तर दिवा लावायच्या आधीच कण धुऊन जातो. सगळे आणखी जोडायला सांगत होते. तू कमी करायला लावलंस.

आणि तुझा तो छळवादी प्रश्न: "प्रकाशानेच सुटला कशावरून?" दिव्याने द्रावण तापतं, वरून बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) वाहतच असतो, कण त्यानेही सुटू शकतो. म्हणून दर खेपेला तीन नमुने. एक दिव्याखाली, एक फॉइलमध्ये गुंडाळून अंधारात, आणि एक ॲझोबेन्झीन न जोडलेला पण त्याच दिव्याखाली. कण सुटले की कंप पावणारी क्वार्ट्झची चकती हलकी होते, आणि तिची कंपनसंख्या वर चढू लागली की मी खूश व्हायचो. तू मात्र आधी अंधारातल्या नमुन्याचा आलेख उघडायचीस, कारण नुसत्या उष्णतेनेही तो आकडा हलतो. रागच यायचा, खरं सांगतो. पण परीक्षकांनी नेमकं हेच विचारलं, तेव्हा तिन्ही आलेख माझ्या हाताशी होते.

तांबड्या दिव्याखाली काम करायच्या सूचनांची तुझी वही मी नव्या मुलीला दिली आहे. पीएच 5 च्या बफरचं पान फाटलंय, ते पुन्हा लिहून पाठवशील?

तुझा,
शेजारच्या टेबलावरचा