रविवारच्या आधी

मिरज, बुधवार

प्रिय बाळास,
सप्रेम सलाम.

आत्याचा फोन आला. तुझी चर्चमध्ये पंच म्हणून निवड झाली, रविवारी उपासनेत तुझ्यासाठी प्रार्थना होणार, हे तिच्याकडून कळलं. पप्पा असते तर स्टेशनपर्यंत पेढे वाटत गेले असते. मलाही आनंद झालाय, खोटं कशाला बोलू.

काल रंगारी मामा येऊन गेले. पैसे मागायला आलो नाही, असं स्वतःच दोनदा म्हणाले. चहा अर्धा ठेवून उठले. त्यांचे 14,500 रुपये नाताळापासून राहिलेत ना रे?

तू म्हणशील, भिंतीचे पोपडे निघाले, मग पैसे कसले. अरे, ती भिंत 2019 च्या महापुरात बुडालेली. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं तेव्हा. त्या दिवसापासून तिला लोणा लागतोय, वरून कितीही भारी रंग दे, तो फेकणारच. आधी प्लास्टर काढा, भिंत वाळू द्या, हे त्यांनी तुला सांगितलं होतं. नाताळ तोंडावर आलाय, मारा रंग, असं तूच म्हणालास. मी तिथेच भाजी निवडत बसले होते. आणि त्याच पुरात आजीचं कपाट माडीवर कुणी चढवलं, तेही आठव.

कामकऱ्याची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते, असं याकोबाच्या पत्रात आहे. मोशेच्या नियमशास्त्रात तर सूर्य मावळायच्या आत द्यायला सांगितलीय. बायबलातला जक्कय जकातदार लोकांचं उकळलेलं चौपट परत करतो म्हणाला, तुला कुणी चौपट मागत नाही. झालं, मी पुन्हा शाळा घ्यायला लागले. राग मानू नकोस. वचनं तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत, रोज सकाळी स्टेटसला टाकतोस ती मी वाचते. आवडतातही.

मी वानलेस हॉस्पिटलला नवीन लागले तेव्हा तुझे आजोबा वॉर्डबॉय होते, मेल सर्जिकलला. थंडीत बेडपॅन लोखंडासारखा गार पडायचा. ते आधी त्यात गरम पाणी फिरवायचे, फडक्याने कोरडा करायचे, मनगट लावून बघायचे आणि मगच पेशंटला द्यायचे. तसं करा म्हणून त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. विजापूरकडचे पेशंट कानडीच बोलायचे, त्यांच्याशी मोडकंतोडकं बोलायला शिकले होते. मंडळीत मात्र कधी पंच झाले नाहीत, मागच्या बाकावर बसायचे. 1894 पासून लोक त्या दवाखान्यात येत आले, ते काही आपली गाणी ऐकायला नाही.

तुझ्यात ते आहे, मला माहितीय. कोविडात समोरच्या काकांच्या प्रेताला घरचेसुद्धा हात लावेनात, तेव्हा तू गेलास. त्या रात्री मी डोळा लावला नाही, आणि पुढे महिनाभर ज्याला त्याला सांगत फिरले. म्हणूनच काळीज धडधडतं. काल जाताना मामा म्हणाले, "दादा आता चर्चमध्ये मोठे झाले." टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. टोमणा नव्हता रे.

हात तंग असेल तर सांग. माझ्या पेन्शनीतून देऊन टाकावे असं मनात आलं होतं, पण देणार नाही. तुझे तूच द्यायचे. मोबाइलवरूनही पाठवू नकोस, घरी जा, त्यांच्या बायकोसमोर दे. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाकडे जा, असं प्रभूने... बघ, परत सुरू झाले.

सूनबाईला सलाम. भडंगाची पिशवी आत्याकडे दिलीय, तिखट आहे, लेकरांना बेताने दे. रविवारी पहिल्या बसने येते, मला न्यायला येऊ नकोस, तुला घाई असेल.

मामा संध्याकाळी सातनंतर घरी असतात.

तुझी,
आई