गोष्ट संपली, हे मुलांना ओळखता यावे

महोदय,

महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून परळच्या आमच्या चाळीत दर शनिवारी संध्याकाळी मी चार ते सात वर्षांच्या मुलांना गोष्टी सांगते. अलीकडे एक बाब वारंवार जाणवते. सगळे सुखरूप घरी पोहोचले असे सांगून मी थांबले, तरी बरीच मुले त्याच कोऱ्या चेहऱ्याने ‘मग?’ विचारतात. उत्सुकतेने विचारलेला ‘मग?’ मला ओळखता येतो. हा तो नव्हे. मोबाइलवर एक गोष्ट संपते न संपते तोच दुसरी आपोआप सुरू होत असल्याने शेवटाची या मुलांच्या कानाला सवयच राहिलेली नाही, असे माझे मत झाले आहे.

आम्हाला हे कोणी मुद्दाम शिकवले नव्हते. श्रावणात आजीने ‘आटपाट नगर होते’ म्हटले की मांडी घालून बसायचे आणि ‘ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ ऐकू आले की हातातल्या अक्षता वाहून उठायचे, हे अंगवळणी पडले होते. (ती साठ उत्तरे कोणती, हे मला आजही सांगता येणार नाही.)

आता मात्र ते शिकवावे लागेल, आणि ते अवघड नाही. म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट घ्या. ‘लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होऊन येईन, मग मला खा’ असा वायदा करून म्हातारी वाघाच्या तावडीतून सुटते. ती लेकीच्या घरी तूपरोटी खाऊ लागली की मी हात झटकते आणि विचारते, ‘संपली का?’ पहिल्यांदा निम्म्या मुलांनी ‘हो’ म्हटले, कारण म्हातारी मजेत होती. पाच वर्षांची एक मुलगी मात्र म्हणाली, ‘नाही, वाघ अजून वाट बघतोय.’ सुरुवातीला जे अडले होते, जो शब्द दिला गेला होता, त्याचा निकाल लागला की नाही हे तिने बरोबर पाहिले होते. तेव्हापासून भोपळा टुणूक टुणूक करत घराच्या दारात येईपर्यंत ‘संपली’ म्हणायला कोणी धजावत नाही.

चिऊ-काऊच्या गोष्टीवरून तर दोघांचे भांडणच झाले. एकाच्या घरी चिऊ शेवटी दार उघडते, दुसऱ्याच्या घरी कावळा गरम तव्यावर बसून भाजतो. दोन्ही शेवट चालतील, असे मी सांगितले, कारण पावसात भिजत दाराशी उभ्या असलेल्या कावळ्याचे पुढे काय झाले, हे दोन्हींत कळते.

शाळेत मात्र शेवटाची जागा तात्पर्याने घेतलेली दिसते. माझ्या नातवाच्या कृतिपत्रिकेत गोष्टीखाली ‘तात्पर्य लिहा’ एवढाच प्रश्न होता आणि त्याने गोष्ट न वाचताच ‘नेहमी खरे बोलावे’ असे लिहून टाकले होते! लहान मुलांना वाचन आणि अंकज्ञान यावे म्हणून केंद्र सरकारने २०२१ मध्ये सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत, असे उद्दिष्ट आहे. शब्द मोजणे सोपे असल्याने प्रत्यक्षात वेगाकडेच अधिक लक्ष जाते. ‘गोष्ट इथे संपली असती तर काय राहिले असते?’ हा एक प्रश्न बालवाडीपासून तोंडी विचारला, तर अर्थ समजला की नाही हेही शिक्षकांना कळेल, आणि त्यासाठी वेगळे साहित्य किंवा प्रशिक्षण लागणार नाही.

पालकांना विनंती एवढीच, की गोष्ट संपल्यावर अर्धा मिनिट मुलापाशी गप्प बसावे आणि त्याला बोलू द्यावे. मोबाइलवर पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते. आमच्या चाळीतल्या चार घरांनी ती बंद केली आहे.

– एक निवृत्त शिक्षिका, परळ, मुंबई