चूक जुळाऱ्याची निघाली

आइंडहोवन,
१४ नोव्हेंबर

ती. बाबांना सा. न.

तुम्ही रविवारी फोनवर विचारलंत, "तो दोष सापडला का?" सापडला! आमच्या कोडमध्ये तो नव्हताच, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं यंत्र काचघरातल्या रोपांना पाणी सोडतं. ते अधूनमधून तापमान भलतंच वाचायचं आणि नको तेव्हा झडप उघडायचं. तपासायला म्हणून कोडमध्ये एखादी ओळ वाढवली, की दोष गायब. ऑप्टिमायझेशन, म्हणजे कोड जलद चालावं म्हणून त्यात आपोआप होणारे फेरबदल, बंद ठेवलं तर यंत्र एकदाही चुकायचं नाही. अशा वेळी संशय आधी स्वतःच्या कोडवर घ्यायचा असतो: एखादं व्हेरिएबल, म्हणजे आकडा ठेवायची जागा, रिकामं राहिलंय का, ॲरेच्या, म्हणजे आकड्यांच्या रांगेच्या, बाहेर कुणी लिहितंय का. सगळं पाहिलं, काही निघालं नाही.

छापखान्यात तुम्ही कितीदा पाहिलंय, हस्तलिखित चोख आणि जुळाऱ्याने खिळे मात्र चुकीचे जुळवलेले. आमचा जुळारी म्हणजे कंपायलर. आम्ही लिहिलेलं तो प्रोसेसरच्या सूचनांमध्ये उतरवतो. मग मी आमचं कोड मिटलं आणि त्याने जुळवलेलं, म्हणजे असेंब्ली, ओळीओळीने वाचायला घेतलं.

एका फंक्शनच्या, म्हणजे कोडच्या एका तुकड्याच्या, शेवटी दोन सूचना लागोपाठ होत्या. पहिली स्टॅक पॉइंटर (स्टॅक या तात्पुरत्या मेमरीत कुठवर जागा वापरात आहे याची खूण) वर सरकवते, म्हणजे फंक्शनने वापरलेली जागा सोडून देते. दुसरी त्याच सोडलेल्या जागेतून तापमान उचलते. क्रम नेमका उलटा हवा! एरवी हे खपून जातं, कारण जुना आकडा तिथे अजून शाबूत असतो. पण दोन्हींच्या मध्ये इंटरप्ट (हातातलं काम थांबवून दुसरं करायला लावणारा इशारा) आला, की प्रोसेसर आपल्या आठ रजिस्टरांतले, म्हणजे आतल्या कप्प्यांतले, आकडे त्याच जागी लिहून ठेवतो आणि तापमान म्हणून त्यातलंच काहीतरी हाती लागतं. हे दिसलं तेव्हा मी खुर्चीवरून उठलेच.

असं पूर्वीही झालंय. २०१४ मध्ये जीसीसी ४.९.० हा कंपायलर स्टॅकवरची जागा ताब्यात घेण्याआधीच तिथे मूल्य लिहीत होता आणि लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं कर्नेल, म्हणजे तिचा गाभा, कोसळत होतं. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ते असेंब्ली वाचूनच पकडलं. त्याआधी, २०११ मध्ये, यूटा विद्यापीठातल्या संशोधकांनी आपोआप तयार केलेले सी भाषेतले प्रोग्रॅम कंपायलरांना देऊन सव्वातीनशेहून अधिक दोष कळवल्याचं प्रसिद्ध केलं. म्हणून मला पक्कं वाटतं की ग्राहकाकडे जाणारी आवृत्तीच तपासली पाहिजे. ऑप्टिमायझेशन बंद ठेवून केलेल्या चाचणीवर विसंबणं धोक्याचं आहे.

दोष दाखवणारा छोटासा प्रोग्रॅम करून कंपायलर बनवणाऱ्यांना पाठवला, त्यांनी तो मान्यही केला. दुरुस्ती येईपर्यंत आम्ही सूचनांचा क्रम बदलणारं ते एक ऑप्टिमायझेशन बंद ठेवलंय. आता बाकीच्या फंक्शनमध्ये अशी जोडी कुठे लपली आहे का, ते शोधते आहे. ते उरकलं की रजेचा अर्ज टाकते.

आईला आणि आजीला नमस्कार.

तुमची लेक